चौथी मात्रा

सकाळी पोळ्या लाटताना मी पोलिश संगीतकार शोपँचे मझुर्के लावते. पहिली पोळी बरी होते. मझुर्का म्हणजे पोलंडच्या खेड्यांतला तीन मात्रांचा नाच. एक-दोन-तीन, लाटणं आपसूक ठेक्यात फिरतं. मग पियानो एका सुरावर जरा जास्तच रेंगाळतो, माझं लाटणं पुढे निघून जातं आणि पोळीचा नकाशा होतो.

पण माझ्यापेक्षा जाणकार माणसंही इथे अडखळली आहेत. जर्मनीत जन्मलेला पियानोवादक चार्ल्स हॅले एकदा शोपँला म्हणाला, तुम्ही स्वतः वाजवता तेव्हा मझुर्क्यात चार मात्रा ऐकू येतात. शोपँ काही केल्या कबूल होईना. मग हॅलेने त्याला वाजवायला लावलं आणि शेजारी मोठ्याने चार मोजल्या. चपखल बसल्या! शोपँ हसला आणि म्हणाला, त्या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच तसा आहे. मायरबेअर या संगीतकाराला मात्र दोन मात्रा ऐकू आल्या, तेव्हा शोपँ हसला नाही, भडकला. (हॅलेच्या वेळी बहुधा चहा झालेला असावा.)

सवाई गंधर्वला माझ्या पुढच्या रांगेत एक परदेशी बाई बसल्या होत्या. गुडघ्यावर ताल धरलेला, मान डोलतेय, आणि सम आली की हात हवेत. आम्ही मैत्रिणी एकमेकींना कोपरखळ्या मारत होतो. आता पोळपाटापाशी त्या बाईंची आठवण येते आणि अंमळ ओशाळायला होतं. डोळे मिटून अडीच तास बसल्या होत्या त्या. आम्ही मधेच भजी खायला उठलो होतो.

बरं, या संगीतात मुळं म्हणावीत तर कुणाची? शोपँचे वडील फ्रेंच, लोरेनमधून आलेले. मुलगा वॉर्सात वाढला आणि शाळकरी वयात, १८२४ आणि १८२५च्या सुट्ट्यांत, शाफार्निया गावी खेडुतांची गाणी ऐकत हिंडला. १८३०च्या नोव्हेंबरात देश सोडला तो सोडलाच. पन्नासावर मझुर्के त्याने लिहिले, त्यातले बहुतेक परदेशात. आणि १९५५ साली वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत मझुर्क्यांचं खास बक्षीस कुणी नेलं? शांघायच्या फू त्सोंगने. तो पोलंडमधल्या क्राकूफमध्ये शिकलेला, हे खरं. पण आजीच्या मांडीवर बसून काही मझुर्का ऐकलेला नव्हता.

तरीही एक गोष्ट हाती लागत नाही. शोपँचं शरीर पॅरिसला पुरलं, हृदय मात्र बहिणीने वॉर्साला नेलं. ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात चिणलेलं आहे. नाझींच्या ताब्यातल्या वॉर्सात त्याचं संगीत वाजवायला बंदी होती आणि त्याचा पुतळा १९४० साली सुरुंगाने उडवला. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला मझुर्का ऐकताना हे आठवावं लागत नसेल. मला ते पुस्तकातून कळतं, कानातून नाही. पंढरीच्या वाटेवर कधी न चाललेल्याला अभंगाचा सूर भिडतो, तसंच काहीसं. सूर भिडतो, पायाला फोड येत नाहीत.

काल हॅलेचं ऐकायचं ठरवलं. तीन सोडून सरळ चार मोजत लाटणं फिरवलं. पोळी गोल झाली, तव्यावर टम्म फुगलीसुद्धा. मायरबेअरच्या दोन मात्रांवर उद्या पुऱ्या लाटून बघणार आहे.