मस्कतच्या किनाऱ्यावर पटर

गोल्फ खेळणाऱ्या बडोदेकराने आखातात जाऊन खेळावे की नाही, यावर आमच्या मंडळींत दर हिवाळ्यात वाद होतो आणि तो नेहमी खर्चापाशी येऊन थांबतो. माझे मत आता खर्चापुरते राहिलेले नाही. या जानेवारीत दुबई, अबुधाबी आणि मस्कत अशी फेरी करून आल्यापासून मला ठामपणे वाटू लागले आहे की वाळवंटातील गोल्फ आणि समुद्रकाठचा गोल्फ हे एकाच नियमपुस्तकाने चालणारे दोन निराळे खेळ आहेत, आणि ज्याच्या फटक्याला फारशी उंची नाही अशा माझ्यासारख्याने आपले पैसे समुद्रकाठच्या गोल्फवर खर्च करावेत.

माझा खेळ घडला तो लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात. तेथील मैदान महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1930 च्या दशकात आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतले होते, आणि स्वतः रणजी क्रिकेट खेळलेले समरजितसिंह गायकवाड यांनी 1990 च्या दशकात त्याचे नूतनीकरण करून ते बाहेरच्यांना खुले केले. आम्ही चालत खेळतो, पिशवी कॅडीच्या खांद्यावर असते, मोर आडवा आला तर थांबतो, आणि पावसाळा सरून जमीन टणक झाली की चेंडू ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीच्या, बराच अलीकडे टाकून पुढे घरंगळू देतो. ही सवय चांगली की वाईट, याचा विचार करण्याची वेळ बडोद्यात कधी आली नव्हती.

अहमदाबादहून दुबईला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी मेहुण्याने एमिरेट्स गोल्फ क्लबच्या मजलिस मैदानावर वेळ राखून ठेवली होती. तो तेथे बरीच वर्षे नोकरीत आहे आणि मला अजूनही ‘दाजी’ म्हणत असला, तरी मैदानावर तो दाजींची काही भीड ठेवत नाही. मजलिस 1988 साली सुरू झाले. कार्ल लिटन यांनी आखलेले हे मध्यपूर्वेतील पहिले संपूर्ण गवताचे स्पर्धायोग्य मैदान होते. त्यापूर्वी आखातात जे गोल्फ चाले ते वाळूवर चाले. पुढच्याच वर्षी येथे दुबई डेझर्ट क्लासिक ही स्पर्धा सुरू झाली, 1994 मध्ये एर्नी एल्सने येथेच 61 फटक्यांत फेरी पुरी केली आणि 2009 मध्ये रॉरी मॅकिलरॉयने व्यावसायिक म्हणून आपले पहिले विजेतेपद येथेच मिळवले. बेदुइन, म्हणजे भटक्या अरबांच्या, तंबूंच्या आकाराचे क्लबहाऊस, आणि आठव्या होलच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, दिसणारी दुबई मरिनाच्या मनोऱ्यांची रांग, ही दोन्ही दृश्ये छायाचित्रांत दिसतात त्याहून प्रत्यक्षात अधिक चांगली आहेत, हे मला मान्य करावेच लागेल.

परंतु त्याच आठव्या होलवर माझा उत्साह ओसरू लागला. फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचा गवताचा पट्टा, उजवीकडे वळत चढत जातो आणि उजवीकडे झुडपांची उघडी वाळू पसरलेली आहे. तेथे चेंडू गेला की तो सापडतो, पण खेळता येईल अशा जागी क्वचितच सापडतो. वाळवंटातील बहुतेक मैदानांची रचना अशीच असते, कारण गवताचा प्रत्येक चौरस वार समुद्राचे पाणी गोडे करून किंवा सांडपाणी शुद्ध करून जगवावा लागतो, आणि म्हणून जेथे चेंडू पडणे अपेक्षित आहे तेवढ्याच जागेला हिरवळ मिळते. अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये तर पाणी घालावयाच्या क्षेत्रावर कायद्यानेच मर्यादा आहे, त्यामुळे तेथे एका हिरव्या तुकड्यावरून दुसऱ्या हिरव्या तुकड्यावर उडी मारत जावे, असा खेळ रूढ झाला. त्यातच आखातात थंडी पडली की बर्म्युडा गवत मंदावते, आणि हंगामात मैदान हिरवेगार दिसावे म्हणून त्यावर राय गवताचे बी पेरून भरपूर पाणी देतात. या मऊ, ओलसर गवतावर माझा बडोदी चेंडू जेथे पडे तेथेच बसून राही. ग्रीनपासून वीस पावले अलीकडे टाकलेला चेंडू वीस पावले अलीकडेच राहिला, आणि मेहुण्याचे आयर्नने, म्हणजे लोखंडी टोकाच्या काठीने, मारलेले उंच फटके झेंड्याशेजारी टपकून थांबले. अठराव्या होलवर ग्रीनसमोर पाणी आहे. तेथे घरंगळण्याचा प्रश्नच मिटतो.

याविषयी माझी तक्रार नाही, कारण मैदान न्याय्य आहे आणि ज्याला चेंडू उंच मारता येतो त्याला ते भरभरून देते. माझी खरी तक्रार आहे ती त्यानंतर खेळलेल्या दुसऱ्या एका मैदानाविषयी, ज्याचे नाव मी येथे घेणार नाही. तेथे चालत खेळण्याची परवानगी नव्हती, बग्गी सक्तीची होती, आणि बग्गीतल्या पडद्यावर आपण ठरलेल्या वेळेपेक्षा किती मिनिटे मागे आहोत याचा आकडा लाल अक्षरांत सतत दिसत होता. आमच्या पुढचे चौघे ग्रीनवर उभे राहून एकमेकांची छायाचित्रे काढत असताना देखरेख करणारा गृहस्थ येऊन आम्हालाच घाई करण्यास सांगून गेला. पुढच्या चौघांकडे बोट दाखवले तर त्याने नम्रपणे हसून पडद्याकडे बोट दाखवले. एवढे पैसे मोजून, हिवाळ्याच्या हंगामातील चढ्या दराने, कोणी आपल्याला हाकलत न्यावे, ही कल्पना मला आजही पचलेली नाही. दोन फटक्यांच्या मधले चालणे हा माझ्या दृष्टीने निम्मा खेळ आहे. त्या चालीत मागचा फटका विसरला जातो आणि पुढच्याचा विचार होतो. बग्गीत बसलेला माणूस मागचा फटका घेऊनच पुढच्या चेंडूपाशी उतरतो.

अबुधाबीला यास लिंक्सवर खेळलो. स्कॉटलंडमधील किंग्जबार्न्स घडवणाऱ्या काइल फिलिप्स यांनी सपाट जमिनीवर माती रचून उंचसखल किनारा निर्माण केला आहे, आणि 2010 साली सुरू झालेले हे मैदान खारफुटीच्या कडेने जाते. वारा त्या दिवशी पडलेला होता, त्यामुळे मैदान सुंदर दिसले आणि सोपे वाटले. म्हणजे मी त्याला खऱ्या अर्थाने भेटलोच नाही.

हत्ताची सीमा ओलांडून मोटारीने मस्कतला पोहोचण्यात एक दिवस गेला आणि कागदपत्रांच्या खिडकीपाशी गेलेला वेळ सोडता त्यात सांगण्यासारखे काही नाही.

मस्कतचे अल मौज मैदान ग्रेग नॉर्मन यांनी आखले आणि ते 2012 साली सुरू झाले. एका बाजूला ओमानचा समुद्र, दुसऱ्या बाजूला हजर पर्वताचे उघडेबोडके कडे, आणि या दोहोंच्या मधल्या वालुकामय पट्ट्यात होले विखुरलेली आहेत. 2018 साली येथे ओमान ओपन भरली होती आणि नेदरलँड्सचा योस्ट लाउटेन जिंकला होता, ही माहिती मेहुण्याने वाटेतच पुरवली होती. आम्हाला दुपारची वेळ मिळाली, आणि आमच्याबरोबर तिसरे गडी म्हणून सत्तरी ओलांडलेले एक कच्छी शेठ आले. मस्कतमध्ये कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांची वस्ती काही शतकांची आहे, हे मी ऐकून होतो. त्यांच्यापैकीच एका जुन्या घराण्यातील हे गृहस्थ होते. मी बडोद्याचा मराठी माणूस म्हटल्यावर ते सरळ गुजरातीवर आले आणि पहिल्या टीवर आमची जी ओळख झाली, ती फटक्यांपेक्षा चिवड्याविषयी अधिक होती.

दुपार चढत गेली तसा समुद्रावरून वारा सुटला. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची गार हवा धावते, हे आपण सारे शाळेत शिकतो, पण हातात सात नंबरचे आयर्न घेऊन त्या हवेसमोर उभे राहिल्याखेरीज तो धडा पुरा होत नाही. समोरून वारा असला की उंच मारलेल्या चेंडूची मागची फिरकी त्याला आणखी वर उचलते, चेंडू हवेत क्षणभर लटकतो आणि मग बिचारा आपल्याच पायांकडे परत निघाल्यासारखा खाली येतो. समुद्राला लागून असलेल्या पार तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेल्या, एका होलवर मेहुण्याने, ज्याने दुबईत माझी दमछाक केली होती, असाच एक देखणा, उंच फटका मारला आणि तो ग्रीनच्या पुष्कळ अलीकडे, उजवीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पडला. त्याने दुसरा चेंडू काढून पुन्हा तसाच मारला आणि वाऱ्याने त्याचेही तेच केले.

शेठांनी कॅडीकडे न पाहता पिशवीतून लांब दांड्याचे, कमी उतार असलेले आयर्न उपसले. चेंडू उजव्या पायाजवळ ठेवला, काठी अर्ध्याहून थोडी जास्त मागे नेऊन फिरवली आणि चेंडू छातीच्या उंचीवरून सरळ पुढे गेला, ग्रीनच्या खूप अलीकडे पडला आणि धावत राहिला. तो ग्रीनवर पोहोचला नाही. चाळीसेक पावले आधीच थांबला. मला वाटले, आता हे चिप करणार, म्हणजे चेंडू छोट्या फटक्याने उचलून ग्रीनवर टाकणार. त्यांनी पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याची काठी, हाती घेतला. मेहुणा माझ्याकडे पाहून हसला. शेठांनी दोन्ही खांदे एकदम हलवून तो पटर असा चालवला की चेंडू उतार चढला, कडेच्या आखूड गवतातून वळसा घेऊन ग्रीनवर आला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर स्थिरावला.

“भाई, अहीं दडो ऊंचो नहीं मारवानो,” ते एवढेच म्हणाले. म्हणजे, येथे चेंडू उंच मारायचा नाही.

पुढची होले चालता चालता त्यांनी सांगितले की ते गोल्फ शिकले तेव्हा मस्कतमध्ये मैदानावर गवत नव्हते. वाळू दाबून केलेले फेअरवे, आणि ग्रीनच्या जागी तेल मिसळून रुळाने दाबलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’. प्रत्येक खेळाडूजवळ हिरव्या कृत्रिम गवताचा एक तुकडा असे. चेंडू फेअरवेत पडला असेल तर तो त्या तुकड्यावर ठेवून मारायचा. ब्राऊनवर पाऊल उमटले की जाताना ते फळीने सपाट करायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला कोरी पाटी मिळे. आपल्याकडेही अनेक छावण्यांतील मैदानांवर अशी ब्राऊन असत, त्यामुळे मला ते चित्र नवे नव्हते. मात्र ब्राऊनच्या भोवतीची वाळू इतकी टणक असते की चेंडूखाली पाते घालून तो उचलणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून त्या काळचे सारे खेळाडू जमिनीवरूनच चेंडू नेत, हा दुवा मी कधी जोडला नव्हता. ज्या वाळवंटाने त्यांना हे शिकवले, ते वाळवंट आता गवताखाली गेले आणि त्या विद्येचा उपयोग समुद्राच्या वाऱ्यात होतो आहे, याची त्यांना स्वतःला मोठी मौज वाटत होती.

मी त्या दिवशी उरलेल्या होलांवर निर्लज्जपणे त्यांचे अनुकरण केले. आखाताच्या किनाऱ्यावर बहुधा पास्पालम गवत लावतात, कारण ते खारट पाणी सोसते. पण ते स्कॉटलंडच्या फेस्क्यू गवतासारखे निसरडे नसते, चेंडूला थोडे धरून ठेवते. म्हणून बडोद्याच्या टणक जमिनीवर जेवढा जोर लागतो त्याच्या दीडपट जोर द्यावा लागतो, हे शेठांनी मला दोनदा दाखवून दिले. एकदा हात बसल्यावर माझा तोच घरंगळता खेळ, ज्याची दुबईत कीव केली जात होती, येथे पार वाचवू लागला. मेहुणा शेवटपर्यंत चेंडू वरच मारत राहिला, कारण त्याच्या मते सुंदर फटका हा खाली पडला तरी सुंदरच असतो. मला त्याच्या या मताविषयी आदर आहे. त्या दिवसाच्या चहाचे पैसे त्याने दिले.

शेठांनी मात्र जेवणाचे पैसे कोणालाच देऊ दिले नाहीत आणि घरी नेऊन खिचडी-कढी वाढली. एवढ्या महागड्या मैदानांच्या फेरीत मला सर्वांत जास्त रुचलेले जेवण ते होते.

कोणी विचारलेच तर मी सांगेन की किनाऱ्यावर दुपारचीच वेळ घ्यावी. सकाळी वारा नसतो, मैदान गुणी मुलासारखे वागते, आणि मग समुद्रापर्यंत जाऊन काय केले असा प्रश्न पडतो. मेहुण्याला हे पटलेले नाही. तो पुन्हा मजलिसवरच जाणार आहे आणि मलाही बोलावतो आहे. मी मस्कतला जाणार आहे. विमान कंपनीने गोल्फच्या पिशवीचे जाताना एक आणि येताना दुसरेच शुल्क लावले, आणि दोन्ही वेळा हिशेब समजावून सांगण्यास कोणी तयार नव्हते, त्यामुळे पुढच्या खेपेस बाकीचे सारे तेथेच भाड्याने घ्यायचे ठरवले आहे. पटर तेवढा घरचा नेईन. तो मोठ्या सुटकेसमध्ये तिरका बसतो, हे मी कालच लावून पाहिले.