दहा रुपये आणि एक पावती
आज अडीच तास एका सरकारी कचेरीत काढले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्याचं नामांतरण, म्हणजे सरकारी नोंदीत मालकाचं नाव बदलणं, आजोबांच्या काळातच अडकलंय. त्या फाइलची नक्कल हवी म्हणून माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन गेले होते.

तिथल्या कारकून बाबूजींचा पहिला प्रश्न, "क्यों चाहिए?" काल रात्री वाचून गेले होते म्हणून बरं. 2005 च्या कायद्यातलं कलम 6(2) सांगितलं: कारण देणं अर्जदारावर बंधनकारक नाही. त्यांनी चष्मा वर केला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, ही फाइल आमच्याकडे नाहीच. मग 6(3) काढलं, की ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे अर्ज तुम्हीच पाठवायचा, तोही पाच दिवसांत. यावर ते चहाला गेले.

काकांनी अर्जात आधी "नामांतरण का झालं नाही?" असं लिहिलं होतं. मी ते खोडलं. 'का'ला उत्तर मिळत नाही, कागद मागितला तर मिळतो. म्हणून नोटशीटची, म्हणजे फाइलवरच्या शेऱ्यांच्या पानांची, नक्कल मागितली, पानाला दोन रुपये.

गंमत म्हणजे वाड्याचे मूळ कागद मोडीत, घरातलं भांडण मराठीत आणि अर्ज हिंदीत!

शेवटी दहा रुपये भरले, आवक क्रमांकासह शिक्क्याची पोच घेतली. मुदत तीस दिवसांची. आईने कालनिर्णयवर तारखेला गोल केलाय, शेजारीच दुधाचा हिशोब. नाही आलं उत्तर तर पहिलं अपील. काकांनी त्याचा मसुदा आत्ताच लिहायला घेतलाय, आणि पुन्हा 'का'नेच सुरुवात केलीय.