बुंधा बघा, मग करवत लावा

मे महिन्यात बाजारपेठेतल्या जुन्या झाडांवर करवत चालते. जूनच्या वाऱ्यात फांदी कुणाच्या डोक्यावर पडू नये, हा हेतू रास्तच आहे. पण चुकीच्या जागी मारलेला काप काही पावसाळ्यांनी अख्खं झाड खाली आणतो.

जाड फांदी एका कापात उतरवू नये. आधी खोडापासून फूटभरावर, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत कापायचं. मग टोकाकडे दोन इंच सरकून वरून. खालच्या कापामुळे फांदी पडताना खोडाची साल सोलली जात नाही. शेवटी खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेला फुगवटा दिसतो. त्याच्या अगदी बाहेरून कापायचं. जखम भरणारी साल तिथूनच बांगडीसारखी आत वळत येते. फुगवटाच तासला तर कूज खोडात शिरते. वर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नये, त्याखाली ओल कोंडते.

शेंडा छाटला की दाट पालवी फुटते आणि झाड तजेलदार वाटतं. हे कोंब नुसते सालीलगत चिकटलेले असतात. मनगटाएवढे झाले की वाऱ्यात निखळतात. गुलमोहोराचं लाकूड तर मुळातच ठिसूळ. जुन्या झाडाचा पाव हिश्श्याहून जास्त पाला एका वर्षात काढूच नये.

खरा घात मात्र जमिनीखाली होतो. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि केबलचा चर नेमका तिथूनच जातो. दोन फूट व्यासाच्या खोडापासून सहा फुटांच्या आत जाड मुळं तोडली, तर झाडाचा आधारच जातो. तिथे जेसीबी नको. हाताने खणून पाइप मुळांखालून न्यावा. बुंध्याला भिडलेलं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक काढून चहूबाजूंनी किमान मीटरभर आळं मोकळं ठेवावं.

वडाच्या पारंब्या रहदारीला आड येतात म्हणून सरसकट छाटतात, याचं फार वाईट वाटतं. म्हाताऱ्या वडाचे टेकू तेच. निदान फुटपाथकडच्या पारंब्या मातीने भरलेल्या पोकळ बांबूतून जमिनीपर्यंत उतरवाव्यात.

१९७५च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार पन्नास वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. म्हणून तोडीचा अर्ज करण्याआधी बुंध्याभोवती लाकडी हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला, किंवा तळाशी लाखेसारखी चकचकीत, पांढऱ्या कडेची पंख्याएवढी बुरशी दिसली, तर लगेच जाणकाराकडून तपासणी करून घ्या आणि तोवर खालच्या हातगाड्या हलवा.