इंजेक्शननंतरचे चार दिवस

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो: "डॉक्टर, तुमच्या त्या भुलीच्या इंजेक्शननं डिप्रेशन जातं म्हणे. मग ते काउन्सेलिंग कशाला करायचं?" कमला नेहरू पार्कात सकाळी भेटणाऱ्या बायका विचारतात, लग्नात जेवणाचं ताट हातात घेऊन उभे असलेले नातलग विचारतात, आणि कधी एखाद्या अनोळखी वडिलांचा फोन येतो, ज्यांची मुलगी कित्येक महिने खोलीबाहेर आलेली नसते. प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याला माझं उत्तर आहे, हो, बऱ्याच जणांचं उतरतं. तेवढं ऐकून माणसं निघतात. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून आज ते सविस्तर.

मी भूलतज्ज्ञ. तुम्ही विचारता ते इंजेक्शन म्हणजे केटामाइन, आणि पुण्याच्या ससूनला शिकत होते तेव्हापासून ते माझ्या ट्रेमध्ये आहे. १९६२ साली अमेरिकेत कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवलं, १९७० मध्ये तिथं त्याला परवानगी मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते भरपूर वापरलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे. का, ते तालुक्याच्या रुग्णालयात काम केलेल्या कुणालाही विचारा. बाकीच्या भुलीत श्वास मंदावतो, रक्तदाब घसरतो. केटामाइनमध्ये पेशंट बहुधा स्वतःच श्वास घेत राहतो आणि रक्तदाब टिकतो, उलट थोडा चढतो. वीज गेलेली, भुलीचं यंत्र नाही, आणि समोर भाजलेलं लहान मूल ड्रेसिंगसाठी आणलेलं, अशा वेळी या औषधानं आम्हाला तारलं आहे.

पण त्याची एक तऱ्हा आहे. पेशंटचे डोळे उघडे असतात, बुबुळं संथ हलत असतात, आणि माणूस तिथं नसतो. शुद्धीवर येताना कुणी हमसून रडतं, कुणी वारलेल्या आजीशी बोलतं, कुणी घाबरून उठून बसायला बघतं. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की केटामाइनच्या पेशंटजवळ भांडी आपटायची नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही, उठवायला गालावर चापट्या मारायच्या नाहीत. आणि सुई लावण्याआधी कानाशी सांगायचं: "चित्रविचित्र स्वप्नं पडतील. घाबरू नका. मी इथंच आहे." ज्यांना असं सांगितलेलं असायचं ती माणसं शांतपणे परत यायची. डोस तोच, वजनही तेवढंच, पण येण्यात फरक. मानसोपचारात या औषधाचं काय चाललंय हे पुढे कळायला लागलं, तेव्हा मला त्याचं फार नवल वाटलं नाही ते यामुळे.

नैराश्यावरचा पहिला महत्त्वाचा अभ्यास येल विद्यापीठातला, २००० सालचा, अगदी मोजक्या पेशंटवर केलेला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं तो थोड्या जास्त जणांवर केला, तेही अशा लोकांवर ज्यांना आधीची औषधं लागू पडली नव्हती. डोस किलोमागे अर्धा मिलीग्रॅम, ४० मिनिटांत हळूहळू सलाइनमधून. ऑपरेशनसाठी आम्ही किलोमागे एक ते दोन मिलीग्रॅम एका दमात देतो. इथं पेशंट जागा असतो, विचारलं तर उत्तर देतो. नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात. इथं काही तासांत, दुसऱ्या दिवसापर्यंत, मनावरचा भार हलका झाल्याचं बऱ्याच जणांनी सांगितलं. आत्महत्येचे विचारही अनेकांचे झपाट्यानं ओसरतात.

मेंदूत काय होतं याचं चित्र अजून पुरं नाही, पण ढोबळमानानं असं: केटामाइन मज्जापेशींवरचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारे भाग, अडवतं, त्यातून ग्लुटामेट या रसायनाची लाट उसळते, आणि ताणानं सुकलेल्या मज्जापेशींच्या जोडण्या पुन्हा फुटायला लागतात. उंदरांमध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आहे. या जोडण्या टिकतातच असं मात्र नाही. एका डोसचा परिणाम काही दिवस राहतो, फार तर आठवडा-दोन आठवडे. म्हणून साधारणपणे आठवड्यातून दोनदा असे दोन-तीन आठवडे डोस देतात, आणि तरीही पुष्कळांचं दुखणं परततं.

परिणामाचे हे दिवस कसे असतात ते आमच्या गावाकडच्या माणसाला मी एका शब्दात सांगू शकते: वाफसा. मृगाचा पाऊस पडून गेला की रान ना चिखल ना ढेकूळ अशा अवस्थेला येतं, आणि पेरायचं ते तेव्हाच पेरायचं असतं. नुसता पाऊस पडला म्हणून कुणी ज्वारी उगवायची वाट बघत बसत नाही.

माझं काम थोडक्यात सांगते. निवृत्तीनंतर मी एका मानसोपचारतज्ज्ञांच्या छोट्या हॉस्पिटलात केटामाइनच्या दिवशी जाते. रक्तदाब, ऑक्सिजन, ईसीजी बघायचं माझ्याकडे. औषध कुणाला द्यायचं ते त्यांनी ठरवायचं. आणि पेशंटच्या शेजारी बसते ती थेरपिस्ट, म्हणजे बोलण्यातून उपचार करणारी. तिची पेशंटशी आधी दोन-तीनदा भेट झालेली असते. कशाची भीती वाटते, कोणती आठवण नको आहे, हात धरलेला चालेल का, हे सगळं आधीच बोललेलं असतं. खोलीत दिवा मंद, डोळ्यांवर पट्टी, कानात पेशंटनं निवडलेलं संगीत. कुणाला बासरी चालते, कुणाला काहीच नको असतं, नुसता पंख्याचा आवाज हवा असतो. त्या ४० मिनिटांत थेरपिस्ट फार बोलत नाही. तिचं खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

एका माणसाबद्दल सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. पन्नाशीचे, भोसरीला वर्कशॉप. कोविडमध्ये धाकटा भाऊ गेला आणि यांना अंत्यदर्शनही मिळालं नाही. त्यानंतर वर्कशॉप मुलाच्या हाती, हे घरात. तीन वेगवेगळी औषधं पुऱ्या डोसमध्ये, पुरेसा काळ देऊन झालेली. थेरपीही चालू होती, पण थेरपिस्टच्या शब्दांत सांगायचं तर "मॅडम, ते येतात, बसतात, आणि आमच्यामध्ये काच असते." दुसऱ्या डोसनंतर ते उठून बसले आणि म्हणाले, "तो रागावलेला नाहीये माझ्यावर." एवढंच. रडले नाहीत. मी रक्तदाब लिहून घेतला, त्यांना पाणी दिलं.

हे वाक्य तिथंच राहिलं असतं तर? आठवड्याभरात विरलं असतं, असं मला मनापासून वाटतं. थेरपिस्टनं दुसऱ्या दिवशी ते हातात घेतलं. कोण कुणावर रागावलं होतं, हॉस्पिटलच्या गेटवर त्या रात्री नक्की काय झालं, भावाची स्कूटर पार्किंगमध्ये इतकी वर्षं कव्हर घालून का ठेवली आहे. चौथ्या दिवशी ते बायकोबरोबर खाली जाऊन स्कूटरचं कव्हर काढून आले. त्यांची औषधं आजही चालू आहेत, वाईट आठवडेही येतात. पण काच गेली, असं थेरपिस्ट सांगते, आणि ते वर्कशॉपला जातात.

एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. केटामाइन एकट्याचा परिणाम बऱ्याच चाचण्यांत दिसला आहे. केटामाइन आणि थेरपी अशी जोडी तपासणाऱ्या चाचण्या अजून थोड्या आणि लहान आहेत. त्यातली एक मला लक्षणीय वाटते, इंग्लंडमधली, २०२२ साली छापून आलेली. दारूचं व्यसन असलेले ९६ जण. काहींना केटामाइन, काहींना नुसतं सलाइन. काहींना थेरपी, काहींना फक्त दारूबद्दलची माहिती. पुढच्या सहा महिन्यांत केटामाइनवाल्यांचे दारूविना दिवस जास्त भरले, आणि सर्वांत मोठा फरक दिसला तो औषध आणि थेरपी दोन्ही मिळालेल्यांमध्ये, सलाइन आणि नुसती माहिती मिळालेल्यांच्या तुलनेत. त्याच्याही कितीतरी आधी, १९८५ पासून, लेनिनग्राडमध्ये येवगेनी क्रुपित्स्की हे डॉक्टर दारूच्या पेशंटना केटामाइन आणि थेरपी एकत्र देत होते.

व्यसनाचा विषय निघाला की पुण्यात लोक लगेच म्हणतात, मग मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राऐवजी इंजेक्शन का नाही? तसं मी म्हणणार नाही. १९८६ पासून मुक्तांगणनं जे उभं केलं त्याचा कणा म्हणजे माणसं: गटात बसणं, घरच्यांना सामील करणं, बाहेर पडल्यावर पाठपुरावा करत राहणं. केटामाइनचंही व्यसन लागतं. भारतात २०११ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि २०१३ पासून, विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या यादीत, शेड्यूल एक्समध्ये. त्या माणसांशिवाय ते दारूच्या पेशंटच्या हाती देणं मला धोक्याचं वाटतं.

आणखी एक अभ्यास, ज्यावर मी खूप दिवस विचार केला, कारण तो माझ्याच टेबलावरचा आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी नैराश्य असलेल्या ४० जणांना, ज्यांचं काही ना काही ऑपरेशन व्हायचंच होतं, पूर्ण भुलीखाली असताना केटामाइन किंवा सलाइन दिलं. झोपेत असल्यामुळे कुणाला काय मिळालं ते पेशंटना कळणं शक्य नव्हतं. पुढच्या दिवसांत दोन्ही गट सुधारले, आणि जवळजवळ सारखेच. काहींनी यातून निष्कर्ष काढला की केटामाइन म्हणजे नुसती आशा. मला तसं वाटत नाही. भुलीची बाकीची औषधंही मेंदूवर काम करत असतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. पण त्यातून एक गोष्ट मला पटली. आपल्याकडे कुणीतरी लक्ष देऊन बघतंय, काहीतरी होणार आहे, ही जाणीव स्वतःच मोठी ताकद आहे. आणि ज्या माणसानं अनुभव घेतलाच नाही, तो त्यावर बोलणार तरी काय? म्हणून पेशंट जागा असताना, ओळखीच्या माणसाच्या सोबतीनं हे व्हावं, यावर मी ठाम आहे.

शॉकबद्दलही विचारता. २०२३ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या तुलनेत केटामाइनला सुमारे ५५ टक्के आणि ईसीटीला, म्हणजे शॉकच्या उपचाराला, ४१ टक्के पेशंटनी प्रतिसाद दिला. पण भास-भ्रम असलेल्या नैराश्याचे पेशंट त्यात नव्हते. खाणंपिणं सोडलेल्या, भ्रमात असलेल्या माणसाला ईसीटी सुचवली तर घाबरून केटामाइन शोधत फिरू नका. ती भूल देऊन, नीट केली जाते. ती भूल मी असंख्य वेळा दिली आहे.

केटामाइन कुणाला नको? रक्तदाब आटोक्यात नसेल, स्किझोफ्रेनिया किंवा भ्रमाचा आजार असेल, मेनिया, म्हणजे अतिउत्साहाचा आजार, असेल, गरोदरपण असेल, तर नको. डोसनंतर मळमळ होते, गरगरतं, काही वेळ आपलं शरीर आपलं वाटत नाही. पुण्यात दुचाकीशिवाय माणूस हलत नाही, म्हणून मुद्दाम सांगते: रात्रीची झोप पूर्ण होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. न्यायला घरचं माणूस हवंच. वारंवार, मनानं घेतलं तर मूत्राशयाची अशी दुर्दशा होते की दर अर्ध्या तासाला रक्ताळलेली लघवी. अभिनेते मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये गेले तेव्हा मला कितीतरी फोन आले. ते डॉक्टरांकडे केटामाइनचे उपचार घेत होते हे खरं, पण मृत्यूच्या वेळी शरीरात सापडलेलं औषध त्या उपचारांचं नव्हतं. घरी, एकट्यानं, मॉनिटरशिवाय घ्यायचं हे औषध नाही. आणि आज रात्रीच कुणाच्या जिवाला धोका वाटत असेल तर केटामाइनचं क्लिनिक शोधू नका. जवळच्या हॉस्पिटलात न्या, किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

राहिला पैशांचा मुद्दा. औषधाची बाटली स्वस्त आहे. खर्च होतो तो खोलीचा, मॉनिटरचा, आणि माणसांच्या वेळेचा. कुठं कात्री लावायची म्हटलं की घरचे पहिली कात्री थेरपिस्टच्या तासांवर लावतात, कारण बोलण्याचे पैसे द्यायचे ही गोष्ट आपल्याकडे अजून पचत नाही. परवडत नसेल तर डोस एखादा कमी करता येईल का, हे डॉक्टरांशी बोला. बोलणं कापू नका.

क्लिनिकला फोन कराल तेव्हा विचारा: डोस चालू असताना शेजारी कोण असेल? रक्तदाब चढला तर काय कराल? आणि पुढच्या चार दिवसांत आमच्या माणसाशी कोण बोलेल? या शेवटच्या प्रश्नावर "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं, तर मी माझ्या घरच्या कुणाला तिथं नेणार नाही.