पाच थेंब, बारा मिनिटे

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी १७ वर्षांची मुलगी आईबरोबर माझ्या दवाखान्यात आली. खालची उजवी पहिली मोठी दाढ गार पाण्याने ठणकत होती. मात्र पाणी गिळले की कळ लगेच थांबे आणि रात्री झोपमोडही होत नसे. त्या दाढेत आठ महिन्यांपूर्वी मीच ग्लास आयोनोमर, म्हणजे रुग्ण ज्याला नुसते ‘सिमेंट’ म्हणतात ते, भरले होते. शेजारच्या दाढेला टेकणारा त्याचा काठ तुटला होता आणि खाली कीड पसरली होती. हे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने चिकटते, फ्लोराइडही सोडते, पण ते ठिसूळ असते. चावण्याचा भार थेट झेलणाऱ्या काठावर ते भरणे ही माझीच चूक होती आणि तसे मी आईला सांगितले.

रबर डॅम, म्हणजे दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा, लावून किडलेला मऊ भाग काढता काढता तळाशी टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसला. दंतमज्जा, म्हणजे दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, उघडी पडली होती. “मॅडम, नस काढावी लागणार का?” आईने विचारले. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवात भिजवलेला कापसाचा बोळा ठिपक्यावर दाबून मी घड्याळाकडे पाहत राहिले. तिसऱ्या मिनिटाला रक्त थांबले, म्हणजे सूज आत खोलवर गेलेली नसावी.

अशा वेळी नुसती मजबुती कामाची नसते. कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे राळेचे भरण, चावायला पक्के, पण घट्ट होताना ते आकसते आणि उघड्या मज्जेला मानवत नाही. चांदी, म्हणजे पारा मिसळलेले चंदेरी भरण, भार उत्तम सोसते, पण दाताला चिकटत नाही आणि मज्जेला बरे करण्यात तिचा काही हातभार नसतो (शिवाय पाऱ्यामुळे युरोपीय संघाने २०२५ पासून तिचा वापर जवळजवळ थांबवलाच आहे). म्हणून मी बायोडेंटिन या वेगळ्या सिमेंटची कॅप्सूल उघडली. ट्रायकॅल्शियम सिलिकेटच्या त्या भुकटीत द्रवाचे मोजून पाच थेंब टाकायचे आणि यंत्रात ३० सेकंद घुसळायचे. सहावा थेंब पडला तर लगदा पातळ होतो आणि मजबुती घटते. घट्ट होताना त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड बाहेर पडते आणि त्याने चेतवल्यामुळे मज्जेतील पेशी त्या छिद्रावर नव्या डेंटिनचा, म्हणजे मज्जेभोवतीच्या कठीण थराचा, पूल बांधू लागतात.

लगदा भरून बारा मिनिटे कोणी दाढेला हात लावला नाही. खरी पंचाईत त्यानंतर झाली. एसटीने दोन तास प्रवास करून आलेल्या आईला काम ‘आजच्या आज पक्के’ हवे होते. पण बायोडेंटिन पहिल्या तासाला जेवढा दाब सोसते, त्याच्या जवळपास तिप्पट ते महिन्याभरानंतर सोसते आणि तेव्हा ते नैसर्गिक डेंटिनच्या बरोबरीला येते. कच्च्या पायावर कंपोझिट चढवायचे मला धाडस झाले नाही. सगळा खड्डा बायोडेंटिननेच भरून मी त्यांना पुढच्या महिन्याची तारीख दिली. आई नाराज होऊन गेली.

तरीही ठरल्या दिवशी दोघी आल्या. एवढ्या दिवसांच्या चावण्याने सिमेंटचा माथा थोडा झिजला होता. क्ष-किरण चित्रात हे सिमेंट डेंटिनइतकेच फिकट उमटते, त्यामुळे त्यावरून फारसे कळेना. बर्फगार बोळा दाढेला लावला. गार लागताच मुलीने हात वर केला, बोळा काढताच खाली घेतला, म्हणजे मज्जा जिवंत होती आणि कळ टिकत नव्हती. मग वरचे अडीच मिलिमीटर सिमेंट कोरून काढले, कंपोझिटचे दोन थर दिले, खूण उमटवणाऱ्या निळ्या कागदावर तिला दात आवळायला सांगितले आणि एकच उंच राहिलेला ठिपका घासून टाकला.