तीन ठोके आणि डावा पाय

सॅन फ्रान्सिस्कोला खेटून असलेल्या डेली सिटीत फिजिओथेरपी करायची म्हणजे फिलिपिनो आजी-आजोबा रोजचेच. आजीला तिथे 'लोला' म्हणतात. या लोला निवृत्त नर्स. स्वतःची फाईल स्वतः वाचणारा पेशंट कुठल्याच फिजिओला आवडत नाही, मलाही नाही.

डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. हाड जुळलं होतं, ताकद बरी होती, सर्जनने पूर्ण वजन टाकायची परवानगी दिली होती. तरी वॉकर घेऊन चालताना डावा पाय टेकला न टेकला तोच उजवा पुढे. मी मेट्रोनोम, म्हणजे ठराविक तालात ठोके देणारं यंत्र, लावलं. मग त्या तालात लंगडू लागल्या, एवढाच फरक.

हे आमची असिस्टंट बघत होती. तिला सगळे 'आते' म्हणतात, म्हणजे ताई. संध्याकाळी ती फिलिपिनो लोकनृत्य शिकवते आणि आजीकडून हिलोत शिकली आहे, म्हणजे तिकडचं पारंपरिक मालिश. हिलोतवाले खोबरेल लावलेलं केळीचं पान अंगावरून फिरवतात आणि ते चिकटेल तिथे दुखणं आहे म्हणतात. हे निदान मला पटत नाही. पण पोटरीतला आखडलेला स्नायू तिच्या बोटांना माझ्याआधी सापडतो, हेही खरं.

"तुझा ताल दोनचा आहे. तीनचा लाव," असं म्हणत ती प्लास्टिकच्या दोन नळ्या घेऊन आली.

टिनिक्लिंग. लेयते बेटावरचं, टिकलिंग पक्ष्याच्या चालीवरून आलेलं बांबूनृत्य, जमिनीलगत आपटणाऱ्या दोन बांबूंमधून पाय वाचवत करायचं. ठेका तीनचा: एकाला बांबू मिटतात, पाऊल बाहेर, दोन-तीनला उघडतात, आत दोन पावलं. नळ्या मी जमिनीवर ठेवू दिल्या नाहीत. पडून आलेल्या बाईच्या पायाशी अडथळा कोण ठेवतं? त्याऐवजी पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या दांड्यांमध्ये, रंगीत चिकटपट्टीच्या दोन रेघा मारल्या, लोलांच्या कमरेचा पट्टा मी घट्ट धरला आणि आते बाजूला बसून नळ्या आपटू लागली.

मग मला कळलं ती काय म्हणत होती. दोनच्या तालात जोराचा ठोका नेहमी एकाच पायावर पडतो. लोलांनी तो चांगल्या पायाला देऊन टाकला होता. तीनच्या तालात पावलं विषम, त्यामुळे जोर आलटून-पालटून पडतो. एका आवर्तनात उजव्यावर, पुढच्यात डाव्यावर. डाव्या पायाला चुकवून हा ठेका धरताच येत नाही. आणि लोलांनी धरला. डाव्या पायावर वजन, कंबर सरळ, नजर समोर. इतके दिवस मी तोंडाने सांगत होते ते सगळं.

"रक्तातच आहे!" आते ओरडली.

"रक्तात कसलं?" लोला म्हणाल्या. "मी उत्तरेकडच्या इलोकोसची. आमच्याकडे कोण नाचायचं हे? शाळेत पीटीच्या बाईंनी शिकवलं. मार्क होते त्याला."

खरं आहे ते. फ्रान्सिस्का रेयेस अकिनो यांनी १९२०च्या दशकापासून गावोगाव फिरून ही नृत्यं टिपली आणि शाळांतून शिकवायला लावली. आतेला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी थोडी हिरमुसलीच ती.

नंतर लोलांनी हात धुवायला साफ नकार दिला. कष्टाने तापलेल्या हातांवर गार पाणी घेतलं की 'पास्मा' होतो, हात थरथरतात, असा तिकडचा समज. आयुष्यभर हॉस्पिटलात हात धुतलेली बाई! आतेने गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दिला आणि वाद मिटला. तिच्या जागी मी असते तर संसर्गावर भाषण दिलं असतं.

राहिली नोंद. 'नाच' लिहिला तर पैसे मिळत नाहीत. म्हणून बिलाचा कोड ९७११२, स्नायू-मज्जातंतूंचं पुनर्प्रशिक्षण. मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नियमाने आठ मिनिटं भरली की बिलाचं एक युनिट. त्यात ताल कितीचा होता याला रकाना नाही. वर खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येण्याच्या चाचणीत त्या दिवशी फरक जेमतेमच. बारमधून बाहेर वॉकर हातात आला की पाय परत चोरटा. म्हणजे कागदावर प्रगती शून्य, आणि कागद तपासणाऱ्याने लोलांना कधी पाहिलेलं नसतं.

ठेका फोनवर रेकॉर्ड करून घरी दिला आहे. लोलांची तक्रार आहे की तो फार संथ आहे. आते म्हणते, आता नळ्या खाली ठेवू, आपटणाऱ्या नळ्यांची भीती असली की पाय आपोआप उचलला जाईल. मी म्हणते, त्या डाव्या पायावर आधाराशिवाय उभ्या राहू देत आधी. यावर आमचं अजून जुळलेलं नाही.