प्रोजेक्टर बंद झाला का, हे प्रोजेक्टरलाच विचारावे

एप्रिल महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी आठ वाजता मी आमच्या सभागृहाचे दार उघडले, तेव्हा शनिवारी संध्याकाळी लावलेला प्रोजेक्टर अजून चालू होता. पडदा गुंडाळलेला असल्यामुळे संगणकाचे चित्र मागच्या भिंतीवर, खिळ्यांना टांगलेल्या जुन्या तसबिरींवर पसरले होते, आणि बंद खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास कोंडला होता. म्हणजे सुमारे ३६ तास दिवा जळत राहिला होता, तोही सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि पत्र्याच्या छताखाली.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांची खटखट दिवसभर ऐकू येते अशा गल्लीत, एका संस्थेचे हे छोटे सभागृह आहे. खालच्या मजल्यावर मी संगणकाचे वर्ग घेतो आणि वरच्या मजल्यावरची यंत्रे सांभाळणे हे आपोआपच माझ्याकडे आलेले काम आहे. दिवे, पंखे आणि प्रोजेक्टर बंद करून कुलूप लावण्याचे काम शिपाईकाकांचे. त्यांना विचारले, तर ते ठामपणे म्हणाले, "सर, मी बंद केलतो की. बटण दाबलो, मगच कुलूप लावलो बगा."

काका खोटे बोलत नव्हते. आमच्या प्रोजेक्टरला रिमोटचे बटण एकदा दाबले की तो बंद होत नाही. बंद करायचे आहे का, असा प्रश्न तो आधी पडद्यावर दाखवतो आणि दुसऱ्यांदा बटण दाबले तरच दिवा विझवतो. काकांनी पडदा अगोदरच गुंडाळलेला, बटण दाबून ते पंख्यांच्या बटणांकडे वळलेले, आणि भिंतीवर उमटलेला प्रश्न काही क्षणांनी कोणाच्याही उत्तराविना निघून गेलेला. सिग्नल नसल्यास आपोआप बंद होण्याची सोय यंत्रात आहे, पण व्याख्यान चालू असताना पडदा काळा होऊ नये म्हणून संगणकाची स्क्रीन कधीही बंद होणार नाही अशी तजवीज मीच करून ठेवली होती. तेव्हा दोषाचा मोठा वाटा माझ्याकडेच येतो.

संस्थेच्या बैठकीत दोन उपाय सुचवले गेले. पहिला असा की, रात्री दहा वाजता टायमरने त्या प्लगची वीजच तोडावी. हा मी तत्काळ नाकारला. अशा प्रोजेक्टरमधला दिवा हा पाऱ्याच्या वाफेचा, चालू असताना आतला दाब हवेच्या सुमारे २०० पट असलेला दिवा असतो आणि तो विझल्यानंतरही पंखा काही वेळ फिरून त्याला थंड करत असतो. रोज रात्री पंख्यासकट सगळेच एका झटक्यात थांबवणे म्हणजे दिव्याचे आयुष्य हाताने कमी करणे. महावितरणची वीज अचानक जाते तेव्हा आपला इलाज नसतो. तेच काम आपण होऊन रोज कशाला करावे? दुसरा उपाय अधिक हुशारीचा होता: रिमोटचे किरण सोडणारे एखादे छोटे यंत्र संगणकाला जोडावे आणि ठरलेल्या वेळी बटण दाबल्याचा संदेश पाठवावा. यातली अडचण अशी की आमच्या रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण आहे. काकांनी प्रोजेक्टर नीट बंद केलेला असेल, तर हे यंत्र रात्री दहाला तो इमानेइतबारे चालू करील. रिमोट फक्त सांगतो. पलीकडे काय घडले, हे त्याला कधीच कळत नाही.

प्रोजेक्टरच्या मागच्या बाजूला, एचडीएमआयच्या शेजारी, नऊ पिनांचे एक जोडस्थान होते आणि आठ वर्षांत त्यात कोणी काहीच खोचलेले नव्हते. ते आरएस-२३२ या पद्धतीचे सिरिअल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवून दोन यंत्रांना बोलू देणारे जोडस्थान. ही पद्धत अमेरिकेत १९६० साली प्रमाणित झाली, तिची बराच काळ टिकलेली 'सी' आवृत्ती १९६९ सालची, आणि पूर्वीच्या २५ पिनांच्या जागी नऊ पिनांचे जोडस्थान रूढ झाले ते आयबीएमच्या १९८४ सालच्या एटी संगणकामुळे. एवढी जुनी गोष्ट आजही प्रोजेक्टरवर सापडते, याचे कारण तिला लागते फारच थोडे: पाठवण्याची एक तार, घेण्याची एक तार आणि दोघांना सामाईक अशी ग्राउंडची तिसरी तार. आयपी पत्ता नाही, पासवर्ड नाही, राउटर नाही. आमचा राउटर तर दिव्यांबरोबर रोज रात्री बंद होतो.

तारा तीनच असल्या तरी त्यांनी माझे दोन रविवार खाल्ले.

नवी पेठेत फिरून आणलेली पहिली केबल सरळ निघाली, म्हणजे एका टोकाची दुसरी पिन दुसऱ्या टोकाच्याही दुसऱ्याच पिनेला जोडलेली. मूळ कल्पनेत सिरिअल तारेच्या एका बाजूला संगणक आणि दुसऱ्या बाजूला मोडेम (टेलिफोनच्या तारेवरून संगणकाचे संदेश नेणारे यंत्र) असे, त्यामुळे सरळ केबल चालून जाई. आमचा प्रोजेक्टर मात्र स्वतःला संगणकासारखाच समजतो: दोन्ही यंत्रे तिसऱ्या पिनेवरून बोलतात आणि दुसऱ्या पिनेवर ऐकतात. सरळ केबल लावली की दोघांची तोंडे एकमेकांच्या तोंडाला आणि कान कानाला लागतात. अशा ठिकाणी दोन आणि तीन यांची अदलाबदल केलेली क्रॉस केबल लागते. पाचवी पिन ग्राउंडची, ती पाचवीलाच जोडायची.

छतापासून टेबलापर्यंतचे अंतर तारा झाकण्याच्या पट्टीमधून १८ मीटर भरले, म्हणून केबल घरीच करायचे ठरवले. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला एवढे अंतर फार नाही. नेटवर्कसाठी वापरतात ती कॅट-५ तार घेतली आणि पाठवण्याची तार एका जोडीत, घेण्याची दुसऱ्या जोडीत, आणि दोन्ही जोड्यांतली उरलेली तार ग्राउंडला, अशी मांडणी केली. पाठवण्याची आणि घेण्याची तार एकाच पिळात घातली तर एकीचा आवाज दुसरीत उतरतो. मग सोल्डरिंग केले, आणि येथे एक अस्सल नवशिक्याची चूक माझ्या हातून झाली. पिनांचे क्रमांक समोरून पाहिले की एका बाजूने सुरू होतात आणि सोल्डर करण्याच्या, म्हणजे मागच्या बाजूने पाहिले की उलटे. मी समोरची आकृती डोक्यात ठेवून मागून डाग दिले, त्यामुळे ग्राउंडची तार पाचव्याऐवजी पहिल्या पिनेवर बसली. वास्तविक प्रत्येक पिनेच्या बुडाशी काळ्या प्लास्टिकमध्ये तिळाएवढा आकडा कोरलेला असतो. टॉर्च तिरका धरला तरच तो दिसतो.

ही चूक विजेचा दाब मोजणाऱ्या मल्टिमीटरने उघड केली. आरएस-२३२ मध्ये काही बोलणे चालू नसताना पाठवण्याच्या तारेवर ऋण दाब असतो: उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे '१', आणि अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे '०'. म्हणून मीटरची काळी तार पाचव्या पिनेवर आणि लाल तार तिसऱ्या पिनेवर टेकवली, की जिवंत यंत्राने काही व्होल्ट ऋण दाखवलेच पाहिजेत. प्रोजेक्टरच्या पोर्टवर मीटरने उणे साडेपाच दाखवले. माझ्या केबलच्या टेबलाकडच्या टोकाला मात्र काटेकोर शून्य. डाग पुन्हा दिले. शिडीवर चढून केबल लावण्याआधी संगणक आणि प्रोजेक्टर दोन्हींचे प्लग काढले, कारण जुन्या इमारतींत दोन प्लगांच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो आणि पोर्ट जळायला तेवढा पुरतो.

आजच्या बहुतेक संगणकांना सिरिअल पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो ठीक आहे का, हे पाहण्याची जुनी युक्ती अशी: कागदाच्या टाचणीने त्याची दुसरी आणि तिसरी पिन एकमेकींना जोडायची आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे पोर्टवर अक्षरे पाठवणाऱ्या आणि आलेली अक्षरे दाखवणाऱ्या खिडकीत, काहीही टाइप करायचे. टाइप केलेलेच अक्षर परत दिसले, तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर दोन्ही निर्दोष, आणि टाचणी काढल्यावर ते दिसेनासे झाले पाहिजे.

त्यानंतर पुटी हा टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडून वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्याचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट असे भरले, आणि फ्लो कंट्रोल, म्हणजे एकमेकांना 'थांब' किंवा 'पाठव' अशी खूण करण्याची सोय, मुद्दाम 'नाही' केले, कारण त्यासाठी लागणाऱ्या तारा आमच्या केबलमध्ये नाहीतच. आमचा प्रोजेक्टर एप्सनचा आहे आणि त्याची आज्ञावली साध्या इंग्रजी अक्षरांची आहे. पी, डब्ल्यू, आर ही तीन अक्षरे आणि प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर दाबले. पुढच्याच ओळीत उत्तर आले: तीच तीन अक्षरे, बरोबरचे चिन्ह, ००, आणि खाली एक अपूर्णविराम. ०० म्हणजे स्टँडबाय, अर्थात वीज आहे पण दिवा बंद. आठ वर्षे डोक्यावर टांगलेले यंत्र पहिल्यांदाच काहीतरी बोलले होते. त्याच तीन अक्षरांपुढे 'ऑन' लिहून पाठवल्यावर छतावरून पंख्याचा आवाज आला आणि आता प्रश्न विचारल्यावर उत्तर ०२ आले, म्हणजे दिवा तापतो आहे. थोड्या वेळाने ०१, म्हणजे चालू. 'ऑफ' पाठवल्यावर ०३, म्हणजे थंड होतो आहे, आणि शेवटी पुन्हा ००. काकांना पडद्यावर विचारला जाणारा प्रश्न येथे विचारला जात नाही. आज्ञा एकदाच द्यायची. 'लॅम्प' आणि प्रश्नचिन्ह पाठवले की दिवा किती तास जळला हे तो सांगतो. ही संख्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी आता वहीत लिहितो, म्हणजे नव्या दिव्याचा खर्च संस्थेपुढे अचानक उभा राहणार नाही.

पुढचे काम पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिले, आणि जे हाताने चालत होते ते प्रोग्रॅममधून चालेना. प्रोजेक्टर मुका. तासाभराने उलगडा झाला: पुटीमध्ये एंटर दाबले की कॅरेज रिटर्न जातो, आणि मी प्रोग्रॅममध्ये सवयीने ओळीच्या शेवटी लाइन फीड, म्हणजे नव्या ओळीचे दुसरेच अक्षर, पाठवत होतो. प्रोजेक्टरला कॅरेज रिटर्न, म्हणजे तेरा क्रमांकाचे अक्षर, मिळेपर्यंत आज्ञा पूर्ण झाली असे वाटतच नाही. तो पुढच्या अक्षराची वाट पाहत राहतो. दुसरी चूक घाईची. सात अक्षरांची आज्ञा ९६०० च्या वेगाने सुमारे सात मिलिसेकंदांत पोहोचते, म्हणून उत्तरही तितक्याच चपळाईने येईल असे मी गृहीत धरले आणि एका सेकंदात उत्तर नाही म्हणून तीच आज्ञा पुन्हा पाठवू लागलो. चालू आणि बंद करण्याच्या आज्ञांना मात्र तो अपूर्णविराम सावकाश परत करतो, आणि तो आल्याशिवाय पुढची आज्ञा द्यायची नसते. आता प्रोग्रॅम दोन मिनिटांपर्यंत थांबतो. लिनक्समध्ये पोर्ट उघडण्यासाठी वापरकर्त्याला सिरिअल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या 'डायलआउट' गटात घालावे लागले, आणि यूएसबीची जागा बदलली की पोर्टचे नावही बदलते म्हणून कन्व्हर्टरच्या स्वतःच्या ओळखीवरून मिळणारे कायमचे नाव वापरले.

ज्यांच्या प्रोजेक्टरला नेटवर्कचे जोडस्थान आहे, त्यांनी शिडी आणि सोल्डर यांच्या वाटेला जाऊ नये. पीजेलिंक ही अनेक कंपन्यांनी स्वीकारलेली पद्धत ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर जवळपास हेच सगळे करते. फक्त स्टँडबायमध्येही नेटवर्क जागे राहील अशी मांडणी प्रोजेक्टरच्या मेनूत करून ठेवावी लागते.

आमचा प्रोग्रॅम रोज रात्री दहाला प्रोजेक्टरची स्थिती विचारी आणि उत्तर ०१ आले तरच 'ऑफ' पाठवी. तीन आठवडे सगळे सुरळीत चालले. चौथ्या शनिवारी मातीपरीक्षणावरचे व्याख्यान लांबले, श्रोत्यांचे प्रश्न संपेनात, आणि बरोबर दहाच्या ठोक्याला पाहुण्यांच्या आलेखासकट पडदा काळा झाला. दिवा थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत पाहुणे अंधारात उभे होते, आणि मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. यंत्राला विचारले होते; माणसांना विचारायचे राहून गेले होते.

आता ती वेळ साडेअकराची आहे आणि त्याआधीची जबाबदारी पुन्हा काकांकडे आहे. टेबलावरच्या संगणकात त्यांच्यासाठी एकच मोठे बटण केले आहे. ते दाबले की स्क्रीनवर 'थंड होत आहे' असे येते, मग यंत्राकडून ०० आल्यावर हिरव्या अक्षरांत 'बंद'. काका खुर्ची ओढून समोर बसतात, हिरवे अक्षर येईपर्यंत तंबाखू मळतात आणि मगच किल्ल्या उचलतात. रिमोट त्यांनी कपाटात ठेवून दिला आहे, सेल काढून.